भादव्याचं ऊन आणि तारीख गेलेली फिल्म

भाद्रपद लागला की मला वाळत घातलेल्या कपड्यांची भीती वाटते. सांगून खोटं वाटेल, पण सत्तरीला टेकलेली बाई मी, गच्चीत चादर वाळत घातली की तिच्या मागे जाऊन एकदा बघून येते. तिथे कुणी नसतं. असणार तरी कोण? पण दोरीवर चिमटे जवळजवळ लावलेले दिसले की ती मला बोटं वाटतात आणि चादरीखालून पावलं दिसतात का म्हणून नजर आपोआप जमिनीकडे जाते. आमच्या कामवाल्या बाईंनी एकदा विचारलं, "ताई, काय हरवलंय का?" मी म्हटलं, "चिमटा."

यंदा गौरी उठल्या आणि दोन दिवसांनी पावसानं उघडीप दिली. पुण्यात त्या उन्हाला फारसं नाव नाही. कलकत्त्यात होतं. तिथे भादव्याचं ऊन म्हणजे घराघरातल्या बायकांची मोहीम असायची. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल आलेली, चपलांना हिरवी बुरशी, मिठाचं पाणी झालेलं, पुस्तकं फुगलेली. मग एके दिवशी आकाश धुऊन काढल्यासारखं निळं व्हायचं आणि आम्ही राहायचो ते अख्खं बेहाला उपनगर आपापल्या गच्च्यांवर चढायचं. रजया, शाली, लग्नातले शालू, शाळेची पुस्तकं, देवांची आसनं, सगळं उन्हात. वारा आला की पुस्तकांची पानं एकदम फडफडायची. कुठल्या तरी घरात पिकलेल्या ताडफळाचे वडे तळले जात असायचे आणि तो गोडसर, जरासा कडवट वास कापडांत शिरून बसायचा. ते शालू पुढे हिवाळ्यात कुणाच्या लग्नाला नेसले तरी त्यांना भादव्याचाच वास येई.

तर यंदा ते ऊन पडलं आणि नेमकी त्याच दिवशी माझी भाची ईशा गळ्यात जुना कॅमेरा अडकवून आली. हल्लीच्या मुलांना या जुन्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. तिनं पिशवीतून तीन-चार रोल काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "मावशी, यातला कुठला वापरू? सगळे एक्स्पायर झालेले आहेत."

"मग टाकून दे की."

"अगं, मुद्दाम घेतलेत! एक्स्पायर्ड फिल्मला एक वेगळाच मूड असतो. नव्यापेक्षा महाग मिळते ती."

फिल्मला मूड असतो म्हणे. आमच्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर खुर्चीतून पडले असते. आमच्या घरात तारीख गेलेली फिल्म यायची ती मूडसाठी नाही, परवडते म्हणून. बाबा बँकेत. बदली होऊन कलकत्त्याला आलो तेव्हा माझी शाळेची शेवटची तीन-चार वर्षं राहिली होती. बाबांना फोटोंचा नाद होता, पण नवी फिल्म महाग, शिवाय दुकानात कधी असायची कधी नसायची. धर्मतल्ल्याच्या मागच्या गल्लीत एक दुकानदार फोर्ट विल्यममधून लिलावात निघालेला लष्करी माल विकायचा. बूट, कंदील, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांतच मुदत टळलेल्या रोलांचे खोके. बाबा दर महिन्याला तिथून मूठभर रोल आणत आणि आई म्हणे, "आला शिळ्या कढीला ऊत."

बाबांचं उत्तर ठरलेलं. "तारखा दुकानदारांसाठी असतात. वापरणाऱ्याला हात असावा लागतो."

हाताचा अभिमान होता त्यांना, आणि तो खोटा नव्हता. रोल कुठला घ्यायचा यावर ते गच्चीत उभे राहून जे ऐकेल त्याला प्रवचन देत. मंद फिल्म आणि जलद फिल्म, अशी मुख्य दोन घराणी. जलद फिल्म ढगाळ हवेतही काम करते, पण तापट. तारीख गेली की तीच आधी बिघडते. मंद फिल्मला भरपूर ऊन लागतं, पण तिचं वय दिसत नाही. तिसरा एक जुना प्रकार होता, त्याला लाल रंग दिसतच नसे. त्या फिल्मवर आईचं कुंकू म्हणजे कपाळाला भोक पडल्यासारखं काळं यायचं. आईनं तो एक फोटो फाडून टाकला होता. बाबा समजावून सांगत, "म्हातारी फिल्म काळी होत नाही, करडी होते. पांढऱ्यातला पांढरेपणा जातो, काळ्यातला काळेपणा जातो. माणसाचं होतं तसंच. म्हणून तिला जरा जास्त उजेड दाखवायचा, की ती ऐकते."

हे प्रवचन सगळ्यात मन लावून ऐकणारी व्यक्ती म्हणजे सुमतीकाकू. त्या खालच्या मजल्यावर राहत. जन्म कलकत्त्याचा, सासरही कलकत्त्याचंच, दोन पिढ्यांपूर्वी आलेलं मराठी घर. काका लवकर गेले. काकू मुलींच्या शाळेत गणित शिकवत आणि एकुलत्या एका मुलाला वाढवत. त्यांच्या मराठीत मधूनच बंगाली शब्द डोकावे, आणि मुलाच्या बंगालीत मधूनच मराठी. मुलगा शेखर. पाड्यातले, म्हणजे आमच्या आळीतले, त्याचे दोस्त त्याला "शेखोर" म्हणत आणि काकूही रागावल्या की शेखोरच म्हणत. उंच, काटकुळा, केस कायम डोळ्यांवर. लहानपणी दारात सापडून मोडलेली डाव्या हाताची करंगळी वाकडीच जुळलेली. मला तो मराठीत चिडवायला जाई आणि शब्दांच्या लिंगांत घसरे, मग मीच त्याला चिडवी.

सत्तर सालचा भाद्रपद. गणपती होऊन गेले होते, असंच लख्ख ऊन होतं. गच्चीवर दोन्ही घरांच्या रजया पडलेल्या. बाबा हातात दोन रोल घेऊन विचार करत उभे होते. एक जलद, जवळपास नवा. एक मंद, तारीख कधीच उलटून गेलेला. शेखर भिंतीला टेकून वाचत बसला होता. बाबा म्हणाले, "चल, आज तुझे फोटो काढू. असा सुटीच्या दिवशी घरात सापडतोस कुठे?"

"काका, मग जुना फिल्म लावा. माझ्यासाठी नवा कशाला?"

"जुनी," मी म्हटलं. "फिल्म ती असते."

"बरं, जुनी लावा. टिकेल तरी."

"हीच टिकेल," बाबा म्हणाले आणि मंद रोल कॅमेऱ्यात घातला.

तारीख गेलेल्या रोलचा पहिला फोटो बाबा कधीच कुणाच्या तोंडाचा काढत नसत. त्याला ते श्रीगणेशा म्हणत. कुणाला तरी काळ्या दरवाजापुढे पांढराशुभ्र पंचा धरून उभं करायचं आणि तो फोटो घ्यायचा. फिल्म धुतली की काळ्याचं किती काळं राहिलं आणि पांढऱ्याचं किती पांढरं, यावरून तिची तब्येत कळे, आणि त्या खोक्यातले बाकीचे रोल कसे वापरायचे ते ठरे. त्या दिवशी पंचा शेखरच्या हाती आला.

"गामछा असा धरू?"

"वर घे. अजून वर. त्यावर ऊन पडू दे."

"काका, हात दुखतात."

"दुखू देत. अजून वर."

पंचा डोळ्यांपर्यंत गेला. वर फक्त केस राहिले. पंच्याच्या काठावर त्याची बोटं, खाली पॅंट आणि अनवाणी पावलं. बाबांनी बटण दाबलं. मग पंचा खाली आला आणि पुढचे अकरा फोटो शेखरच्या चेहऱ्याचे काढले. हसताना, काकूंच्या खांद्यावर हनुवटी ठेवून, शाल पांघरून म्हाताऱ्याची नक्कल करताना. काकू म्हणत होत्या, "पुरे, पुरे, मुलाला दृष्ट लागेल." बाबांनी रोल गुंडाळला, कागदी पट्टी चिकटवली. मग फिल्म धुवायला लागणारा हायपो संपलाय म्हणून तो धुवायचा राहिला. नंतर दुर्गापूजा आली, मग बाबांना ऑडिट आलं, आणि मग जे आलं त्यापुढे कुणालाच फोटो आठवले नाहीत.

त्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्यात मुलं घरातून जात आणि परत येत नसत. भिंती नक्षलवाद्यांच्या लाल अक्षरांनी भरलेल्या. संध्याकाळी कुठे फटाका वाजला तरी बायका दारात येऊन उभ्या राहत. शेखर काय करत होता, किती आत होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही पुरतं माहीत नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो चहा पिऊन बाहेर पडला. दोन दिवसांनी पोलीस आले. घर उलथंपालथं केलं आणि जाताना म्हणाले, उद्या परत येतो, मुलाचा फोटो काढून ठेवा.

त्या दुपारी मी काकूंकडे गेले तेव्हा त्या कोळशाच्या शेगडीपुढे बसल्या होत्या. मांडीवर अल्बम. एकेक फोटो चार कोपऱ्यांतून सोडवायचा, एकदा बघायचा आणि शेगडीत घालायचा. बारसं, मुंज, शाळेचा ग्रुप. फोटोचा कागद जळताना आधी आत वळतो, मूठ मिटल्यासारखा, आणि त्याला एक तिखट वास असतो. बारशाच्या फोटोत काका होते, बाळाला घेतलेले. काकांचा असा हसरा फोटो दुसरा नव्हता. तोही गेला.

"काकू, हा तरी ठेवा."

"नाही गं मने. कान वडिलांचेच आहेत त्याचे. ओळखतील."

दुसऱ्या दिवशी पोलिसांना त्यांनी सांगितलं, मुलाला फोटोची आवड नव्हती.

मग त्या वर आमच्याकडे आल्या. बाबांना म्हणाल्या, "ती भादव्यातली फिल्म धुतलीत?"

"नाही."

"धुऊ नका. धुतली की चेहरा बाहेर येतो. आत आहे तोवर तो कुणाच्या हाती लागत नाही." मग आईकडे बघून म्हणाल्या, "आणि ती माझ्याकडे द्या. तुमच्या घरात नको, तुमची नोकरी आहे."

आईच्या मनात तेच होतं, पण तिला ते बोलवत नव्हतं. बाबांनी रोल दिला आणि सांगितलं, "ओल लागू देऊ नका. मी ठेवतो तसा तांदळाच्या डब्यात ठेवा." काकूंनी तो पदराखाली धरून नेला.

त्या दिवसापासून त्या घरात शेखर तांदळाच्या डब्यात होता. हे मी गमतीनं लिहीत नाही. काकू भातासाठी डबा उघडत तेव्हा एक हात आत खोल घालून चाचपत आणि मगच माप भरत. एकाहत्तर गेलं. कुणी सांगे त्याला बराकपूरच्या गाडीत पाहिलं, कुणी काही सांगे. काकू शोधून आल्या की पाय धूत आणि डबा उघडत. एकदा मला म्हणाल्या, "आता तो घरात असताना नेमका कसा दिसायचा ते आठवायला गेलं की कपाळ येतं, हनुवटी येते, सगळं मिळून येत नाही. पण काळजी नाही. आहे ना माझ्याकडे." न धुतलेल्या फिल्ममध्येही चित्र आत जपलं जातं, फक्त वाट बघत असतं, हे त्यांना बाबांनीच शिकवलं होतं. शेखर आला की धुऊ, असं त्यांचं ठरलेलं होतं.

आणि मग बहात्तरचा भाद्रपद. सकाळपासून ते ऊन. मी शिकवणीहून परतले, गच्चीवर गेले. काकूंच्या खाटेवर तांदूळ पसरले होते, पोरकिडे झाले होते म्हणून. तांदळाशेजारी पांढऱ्या फडक्यावर रोल होता, उलगडलेला. कागदाला बुरशीचे ठिपके पडले होते, ते काकूंनी कोरड्या कापडानं पुसले होते. कागदाच्या पोटातून फिल्मची पट्टी बाहेर काढून ऊन लागेल अशी पसरली होती, टोकावर वाटी पालथी घातली होती. उरलेली काही वळणं फिरकीवर घट्ट होती, ती सरळ व्हायला तयार नव्हती म्हणून तशीच सोडलेली. फिल्म फिकट जांभळट दिसत होती. वाळत घातलेले पापड जपावेत तशा काकू कावळ्यांपासून तिची राखण करत बसल्या होत्या.

"ओल लागली होती गं," त्या म्हणाल्या. "बरं झालं पाहिलं. छान रोद आहे आज. तासाभरात खडखडीत होईल."

ज्या घरात पुस्तकं, शालू, देवांची आसनं सगळं काही या एका उन्हानं वाचतं, त्या घरातल्या बाईनं दुसरं काय करायचं होतं? फिल्म अंधारात धुतात हे त्यांना ठाऊक होतं. पण धुणं वेगळं आणि वाळवणं वेगळं. जी गोष्ट सगळ्यात मौल्यवान, ती भादव्याच्या उन्हात आधी घालायची, हेच त्यांच्या हाडात होतं.

न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की आतलं सगळं पुसलं जातं, हे मला बाबांमुळे ठाऊक होतं. तेवढ्यात बाबा जिना चढून आले. सुटीचा दिवस होता, हातात वर्तमानपत्र. त्यांनी खाटेकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मी विसरू शकलेली नाही. क्षणभर वाटलं आता ओरडतील. ते खाली बसले, वाटी बाजूला केली आणि हलक्या हातानं फिल्म कागदात गुंडाळत म्हणाले, "बरं केलंत वहिनी. ओल वाईट. आता पुरे ऊन."

खाली आल्यावर आई म्हणाली, "सांगायला हवं त्यांना."

"काय सांगू? तुम्ही तुमच्या हातानं घालवलात, असं?"

त्यानंतर त्या घरावर काही तरी बसलं. काकू डबा उघडत, चाचपत, आणि मला माहीत असे की आत काही नाही. त्या हसल्या तरी मला रडू येई. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे कुणी निरांजन ओवाळत असावं आणि आपल्याला ते दिसत असावं, तसे ते दिवस होते.

पूजेच्या तोंडावर बाबांची नागपूरला बदली झाली. सामान बांधायला घेतलं आणि काकू रोल घेऊन वर आल्या. "आता धुवा. तुम्ही गेल्यावर कुणावर विश्वास ठेवू? आणि..." त्या थांबल्या. "मला बघायचाय तो."

भरदुपारी बाबांनी न्हाणीघराच्या खिडकीवर घोंगडी ठोकली, बांधलेल्या सामानातून वाडगे पुन्हा काढले आणि दार लावून घेतलं. काकू बाहेर ट्रंकेवर बसल्या. आई त्यांच्या शेजारी. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. मी देवाला म्हणत होते की निदान एक. बाबांनी मला सांगितलं होतं, रोल गुंडाळला जातो तेव्हा पहिला काढलेला फोटो सगळ्यात आत जातो आणि शेवटचा सगळ्यात वर. जी वळणं उलगडली नव्हती त्यांत सुरुवातीचं काही असलं तर असेल.

बाबा बाहेर आले, ओली पट्टी दोन बोटांत धरून. ती काळी होती. निगेटिव्हमध्ये उजेड काळा उमटतो, आणि या पट्टीनं अख्खा भाद्रपद पिऊन घेतला होता. अगदी टोकाला मात्र एक चौकोन शिल्लक होता, कडा खाल्लेल्या, पण शिल्लक. श्रीगणेशा.

बाबा काकूंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. तारीख गेलेली फिल्म होती. अशा प्रसंगाला जुनी फिल्म वापरायलाच नको होती. मला फार घमेंड होती हाताची." आणि माझे वडील, ज्यांनी दुकानदाराच्या तारखेला आयुष्यभर हिंग लावून विचारलं नाही, ते रडले.

काकूंनी पट्टी उजेडाकडे धरली. काळ्या पट्टीवरून बोट फिरवत गेल्या आणि टोकाच्या चौकोनावर थांबल्या. "ही करंगळी," एवढंच म्हणाल्या.

जाण्याआधी बाबांनी त्याचा फोटो छापून दिला. पोस्टकार्डाहूनही लहान. काळा दरवाजा, पांढरा पंचा, वर केस, काठावर बोटं, त्यांत एक वाकडी. खाली अनवाणी पावलं. नागपूरला गेल्यावर बाबांनी तारीख गेलेली फिल्म पुन्हा घेतली नाही. हळूहळू कॅमेराही पेटीत गेला. मधूनच जेवताना घास हातात धरून म्हणत, "मीच म्हणालो त्याला, अजून वर घे म्हणून."

ईशाला मी हे सगळं सांगितलं नाही. मंद रोल निवडून दिला आणि म्हटलं, पहिला फोटो चेहऱ्याचा काढू नकोस, पांढऱ्या कापडाचा काढ. तिला ते फारच आवडलं. तिनं माझ्याच हातात पंचा दिला आणि गच्चीच्या दारापुढे उभं केलं. "मावशी, वर घे ना. अजून वर." मी तो हनुवटीच्या वर नेला नाही. ती म्हणाली, "अगं, चेहरा येतोय." मी म्हटलं, "येऊ दे."

लग्नानंतर एकदाच कलकत्त्याला गेले, यजमानांचं काम होतं म्हणून. सत्तरचं दशक संपत आलं होतं. योगायोगानं भाद्रपदच होता आणि तेच निळं आकाश. बेहाल्यातल्या गच्च्या रजयांनी, पुस्तकांनी भरलेल्या. आमच्या जुन्या घराची गच्ची मात्र मोकळी. काकू थकल्या होत्या, पण माझ्यासाठी ताडाचे वडे केले होते.

"काकू, यंदा काही घातलं नाहीत उन्हात?"

"आता नाही घालत." त्या माझ्याकडे न बघता वडे उलटत होत्या. "तुझे बाबाच सांगायचे, म्हातारी फिल्म करडी होते. ती फिल्म काळी होती, मने. मी गणित शिकवते. एवढं मला कळलं, तुम्ही स्टेशनावर पोचायच्या आत कळलं."

त्यांनी झारा खाली ठेवला.

"त्यांना सांगू नकोस. त्या माणसानं माझ्यासाठी आपला एवढा अभिमान टाकला. माझ्या हातून काय झालं ते मला माहीत आहे हे त्यांना कळलं, तर त्यांनी टाकलेलं फुकट जाईल."

मी सांगितलं नाही. बाबा गेले तेव्हाही फिल्म जुनी होती हेच खरं होतं.

दिवेलागणीला काकूंनी देवापुढे समई लावली आणि शेजारच्या भिंतीकडे वळल्या. तिथे दोन फोटो होते. काकांचा, चंदनाचा हार घातलेला. आणि तो लहानसा, पंच्याचा. त्याला हार नव्हता. काकूंनी उदबत्ती काकांना ओवाळली, त्याला ओवाळली नाही. जवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि दारात उभ्या असलेल्या मुलाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाल्या,

"दुखले असतील रे हात. घे आता खाली, शेखर."